एस्तेरबाईंचं वरचं घर

आमच्या दादा-वहिनीची तीन लेकरं गेली. पहिलं सहा दिवसांचं होऊन गेलं, दुसरं एका दिवसाचं, तिसरं रडलंच नाही. एवढ्या लहान लेकरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. दादा प्रत्येक वेळी धोतराच्या फडक्यात गुंडाळून तलावाच्या पाळीवर घेऊन गेला आणि तासाभरात हातपाय धुऊन परत आला. त्यांचं बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे नाव नाही. तेरवी नाही. माय म्हणायची, देवाचं होतं, देवानं नेलं. वहिनी चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा धानाच्या बांधीत कामाला उतरायची.

बाप मी सहावीत असताना गेला. तलावाच्या शेपटाला आमची दोन एकर धानाची जमीन, म्हणजे सगळ्यांचं भिजून झाल्यावर उरलं तर आमचं पाणी. दादानं त्याआधीच चौथीतून शाळा सोडली होती, पण मला सोडू दिली नाही. पुढं मी भंडाऱ्याला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. आहे. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण ते दादाच्या पाठीवर झालेलं आहे. पण ज्या बाईबद्दल लिहायला बसलो आहे तिला माझ्या शिक्षणाचं काडीचं कौतुक नव्हतं.

एस्तेरबाई आमच्या गावात नर्स म्हणून आल्या ते साल बहात्तर की त्र्याहत्तर असावं. कोंढ्याहून दोन कोस आत आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या गोदामाला लागून एक खोली होती, ती त्यांना मिळाली. पन्नाशीला टेकलेली, काळीसावळी, उंच बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ, काखेत छत्री. ख्रिस्ती असलेली पहिलीच व्यक्ती गावानं पाहिली. लोकांना वाटलं होतं गोरी असेल, मड्डमीसारखी. ही तर आमच्यासारखीच निघाली, आमच्यासारखीच सुकी मासोळी भाजून भातासोबत खाणारी आणि 'काहून', 'कायले' बोलणारी.

त्या खोलीत त्यांनी शेवटपर्यंत भिंतीला एक खिळा ठोकला नाही. कपडे पेटीत, पातेली चुलीपाशी, घड्याळ हातात. लोकांना वाटायचं, बाईची आता बदली होणार. पाटलीणबाईंनी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "किरायाच्या घराले खिळे कायले ठोकू? माझं घर वर हाय." पाटलीणबाई वर पाहू लागल्या. वर छपराचे कवेलूच होते.

रविवारी सकाळी त्या दार लावून घेत आणि आत एकट्याच देवळात बसल्यासारख्या पुरी उपासना चालवत. बाहेरून सगळं ऐकू यायचं. आधी मोठ्यानं गीतांच्या पुस्तकातला गाण्याचा नंबर सांगायच्या, जणू समोर शंभर माणसं बसलेली आहेत. मग गाणं. आवाज चांगला नव्हता, पण एक कडवं सोडायच्या नाहीत. मग वाचन, मग प्रार्थना. मग दार उघडून कात्री उकळायला ठेवायच्या. आमच्या भजनी मंडळातला पेटीवाला एकदा म्हणाला, नर्सबाई, सूर तरी धरा. तर म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर सुधरवून घेईन. तिथं वेळच वेळ हाय."

कामाला मात्र त्यांच्याइतकं कडक माणूस मी पाहिलं नाही. गावातली सुईण म्हातारी होती, साऱ्या गावाची नाळ तिनंच कापलेली. एस्तेरबाईंनी तिच्याशी भांडण केलं नाही. तिच्या घरी गेल्या, तिचे हात हातात घेतले आणि बोलता बोलता दहाच्या दहा नखं कापून टाकली. म्हातारीनं महिनाभर शिव्या घातल्या. नंतर दोघी मिळून बाळंतपणं करू लागल्या.

आणखी एक. त्या सांगायच्या, मले एक लेक हाय. 'हाय' असंच म्हणायच्या. बाया समजायच्या, असेल नागपूरला शिकायला. दिवाळीत मुलगी येत नाही, पत्र येत नाही, याचं कोणी नवल केलं नाही. विचारलं ते माझ्या वहिनीनं.

वहिनीला चौथ्यांदा दिवस गेले होते. तपासायला ती त्यांच्या खोलीवर जायची. तिथं एकदा तिनं विचारलं, बाई, तुमची लेक कुठं असते? हे मला वहिनीनंच पुढं कित्येक वर्षांनी सांगितलं. एस्तेरबाईंनी सांगितलं की लेक चार वर्षांची होऊन गेली, आता ती देवाच्या घरी आहे. माय म्हणायची त्यातलंच हे बोलणं. पण माय ते बोलून उठून जायची. या बाई बसून राहिल्या. त्यांनी सांगितलं की ते घर खरंच घर आहे. त्यात खोल्या आहेत, आणि येशू आपल्या माणसांसाठी जागा करायलाच तिथं आधी गेला आहे. तिथं कोणी रडत नाही, कोणी उपाशी राहत नाही, आणि एकदा गेलेलं माणूस पुन्हा मरत नाही.

वहिनीनं विचारलं, माझ्या लेकरांना नावंच नव्हती. त्यांना आत कोण बोलावेल?

"त्याले ठाऊक हायेत त्यांची नावं," एस्तेरबाई म्हणाल्या. "तुले नाही सांगितली अजून, एवढंच."

आणि वहिनी पोटभर रडली. सासरी आल्यापासून पहिल्यांदा.

हे इथंच थांबलं असतं तर फार चांगलं झालं असतं. पण वहिनी रोज जाऊ लागली. तपासणी एकीकडे, तिला तेच पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं. घर किती मोठं, अंगण आहे का, लेकरं मोठी झाली असतील का. एस्तेरबाईंना जेवढं माहीत होतं तेवढं त्या सांगायच्या, नसेल तिथं माहीत नाही म्हणायच्या. वहिनीचा चेहरा उजळला होता. सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

मग मायच्या लक्षात आलं की सून जेवत नाही. आधी एका वेळेवर आली, मग पेजेवर, मग तेही नाही. एक चांगलं लुगडं होतं ते तिनं शेजारच्या नव्या सुनेला दिलं. मायनं रागावून विचारलं तर शांतपणे म्हणाली, मले कायले लागते आता? मी चालली लेकरांपाशी. आठवा महिना सरत आला होता.

मायनं कपाळावर हात मारला. नर्सबाईनं सून बाटवली, अक्कल काढून घेतली, असा तिनं ओसरीवर बसून ओरडा केला. वहिनीचं खोलीवर जाणं बंद झालं आणि नर्सबाईला आमच्या दाराची बंदी झाली. दादा मधल्या मध्ये सापडला. त्याला बायको वाचायला हवी होती, आणि कोणाचं ऐकावं हे कळत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो तेव्हा हे सगळं पेटलेलं होतं. सरपंचांनी मला बोलावून घेतलं. गावात धड अर्ज लिहिता येणारा मी एकटाच. नर्सबाईची बदली व्हावी असा अर्ज लिही, म्हणाले. मला त्या वेळी धर्माचं कोणाचंच काही पटत नव्हतं. वहिनी डोळ्यांदेखत वाळून राहिली होती, आणि तिला हे वेड कोणी लावलं ते उघड होतं. मी बसलो आणि लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं नीट. कार्बन लावून स्थळप्रतही काढली, कारण अर्जाची प्रत आपल्याकडे ठेवावी हे मी कॉलेजात शिकलो होतो. दोन्हींवर सह्या आणि अंगठे झाले. स्थळप्रत सरपंचांकडे राहिली.

फक्त एक जागा कोरी होती. नर्सबाईचं पूर्ण नाव आणि हुद्दा कोणालाच माहीत नव्हता. अपुऱ्या नावाचा अर्ज पाठवणं मला कमीपणाचं वाटलं. म्हणून मी सरळ तिच्याकडेच विचारायला गेलो.

आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी तसाच होतो.

एस्तेरबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. मध्ये पेन मागितलं. 'ही बाई गावातील स्त्रियांना बाटवते' अशी एक ओळ होती, ती त्यांनी एका रेघेनं खोडली.

"हे खोटं हाय."

पुढं वाचता वाचता त्या थांबल्या. मी लिहिलं होतं, 'यांच्या सांगण्यामुळे आमच्या घरची गरोदर सून अन्न सोडून मरणाची वाट पाहत आहे.' त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"किती दिवस झाले?"

मी म्हणालो, धड जेवून दोन आठवडे होतील. गेले तीन दिवस तर पाण्यावरच आहे, आणि बोलतही नाही.

त्यांना हे ठाऊक नव्हतं. बंदी झाल्यापासून त्यांना वाटत होतं की मायचा राग आहे, उतरेल. त्या खाटेवर बसल्या. मग उठून अर्जाच्या खाली लिहिलं, 'वरील मजकूर खरा आहे', आणि पूर्ण नाव, हुद्दा टाकून सही केली. कागद माझ्या हातात दिला.

"आठ दिवस थांब बाबू. बाळंतपण होऊ दे. मंग टाक पेटीत." असं म्हणून त्यांनी छत्री घेतली आणि आमच्या घराकडे चालू लागल्या. मी मागं. त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला पळावं लागलं.

दुपार होती. माय दारात सूप घेऊन बसलेली. त्यांना पाहून ती उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. एस्तेरबाई ओसरी चढल्या नाहीत. अंगणातच थांबल्या आणि तिथूनच आत हाक दिली.

"सगुणा, मी चुकली. मी तुले अर्धंच सांगितलं."

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

"दिवाळीले भाऊ आला होता का न्याले?"

उत्तर मायनं दिलं. आला होता, पण अशा पोटानं कशी धाडू, म्हणाली. एस्तेरबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आन् भाऊ आला नसता, तं एकटी गेली असती का? गठुडं बांधून, कोणाले न सांगता?"

गल्लीतून दोन-तीन बाया जमल्या होत्या, त्या कान देऊन ऐकत होत्या. मग आतून आवाज आला. इतका बारीक की मायनंही मान वळवली.

"तसं कोणी जाते का?"

"काहून नाही जात? आपलंच माहेर हाय."

"लोक काय म्हणतीन. भांडून आली म्हणतीन. मायबापाले तोंड दाखवाले जागा राहत नाही."

"मंग?" एस्तेरबाईंचा आवाज चढला. "ते घर तुह्यं हाय. लेकरं तिथं हायेत, त्याईले कोणी हाकलत नाही. पण न्याले येशू सोता येते. त्यानं तसं सांगून ठेवलं हाय. तो आल्याबिगर उंबरठ्याबाहेर पाय टाकाचा नाही. माझी लेक जाऊन सतरा वर्षं झाली, सगुणा. सतरा वर्षं मले रोज सकाळी वाटते, आज जाव. तरी उठतो आन् कात्री उकळतो."

माय चौकटीतून म्हणाली, "तो कोण हिचा? भाऊ हाय का?"

"हाय."

"मंग लुगडं कुठं हाय त्यानं आणलेलं?"

बाया हसल्या. एस्तेरबाईही हसल्या असाव्यात, पण त्यांचं लक्ष दाराकडेच होतं. त्या एक पाऊल पुढं आल्या.

"आन् हे पोटातलं? ते तं इकडं येऊन राहिलं. तू तिकडं निघाली तं त्याले इथं घेईल कोण?"

मग त्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता परत जातील. माय हात काढायला तयार नव्हती आणि एस्तेरबाई हलायला तयार नव्हत्या. मग आतून खाटेची दोरी करकरली.

"माय," वहिनी म्हणाली, "पेज हाय का?"

मायनं चौकट सोडली आणि चुलीकडे धावली. एस्तेरबाई अजूनही वर चढल्या नाहीत. अंगणातूनच ओरडल्या, मीठ टाका जास्त, आणि थोडी थोडी द्या.

बरोबर आठ दिवसांनी, धान कापणी चालू असताना, सकाळी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. माय सुईणीला आणायला निघाली आणि जाताजाता मला म्हणाली, त्या बाईले पण सांग. एवढंच.

एस्तेरबाईंनी आल्या आल्या दादाला खाचर जुंपून ठेवायला सांगितलं, पवनीच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर. दादाला बैलांपाशी उभं राहवेना, म्हणून कासरा मी धरला. सकाळपासून दुपारपर्यंत मी तो कासरा धरून उभा होतो. आतलं सगळं आवाजावरून कळत होतं. पातेलं, पाणी, सुईणीचं पुटपुटणं, एस्तेरबाईंचं दरडावणं. वहिनीचा आवाज सुरुवातीला होता, मग कमी होत गेला. सूर्य डोक्यावर आल्यावर लेकरू रडलं. दादा दारापाशी धावला.

पण एस्तेरबाई बाहेर आल्या नाहीत. मग मायनं दारातून तोंड काढलं आणि तिच्या तोंडावरूनच कळलं. रक्त थांबत नव्हतं.

दादानं विचारलं, खाचरात टाकू का? आतून एस्तेरबाई म्हणाल्या, हलवली तर वाटेतच जाईल. आता इथंच.

त्यांनी सुई दिली होती. मग वहिनीच्या पोटावर मूठ दाबून त्या बसल्या, आणि तासभर ती मूठ काढली नाही. तो तासभर त्यांचं एकच बोलणं चालू होतं, कधी रागानं, कधी हळू.

"कोण आलं न्याले? कोणी नाही आलं. डोळे उघड. सगुणा, इकडं पाह्य. कोणी नाही आलं अजून."

माय वहिनीचे पाय उचलून धरून बसली होती, आणि तीही तेच म्हणू लागली. कोणी नाही आलं वं, कोणी नाही आलं.

दुपार कलल्यावर एस्तेरबाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या. हात धुतले आणि आमच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. रक्त थांबलं, म्हणाल्या. मायनं चहा आणून दिला.

मी जवळ होतो. माझ्याकडे न पाहता त्या बोलल्या.

"मी भेली होती बाबू. ही गेली असती तं माझ्या तोंडानं गेली असती." चहा तसाच हातात. "ते घर खरं हाय. त्यात मी एक अक्षर कमी नाही करणार. पण हे बी औषधच हाय, किती द्याचं ते पाहून द्या लागते. माझ्या हातून डोस जास्त झाला."

कॉलेजात आणि नंतर कचेरीत मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. आपली चूक इतक्या सरळ सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मग विचारलं, अर्ज टाकला का? मी नाही म्हणालो.

"आठ दिवस म्हटलं होतं. झाले आठ."

मी खिशातून अर्ज काढला आणि त्यांच्यासमोर फाडला. चहा संपवून त्या पुन्हा आत गेल्या.

वहिनी त्यानंतर त्यांच्याकडे जायची, लेकीला वजन करायला घेऊन. वरच्या घराची गोष्ट अधूनमधून निघायची, पण एस्तेरबाई आता आधी विचारायच्या, सकाळी काय जेवली? आमच्या घरात कोणी ख्रिस्ती झालं नाही. त्यांनी कधी सुचवलंही नाही. पण वहिनी आजही आपल्या तीन लेकरांबद्दल 'हायेत' असंच म्हणते, आणि ते बोलताना तिचा आवाज कापत नाही. ते घर आहे की नाही, मला माहीत नाही. एस्तेरबाईंना माहीत होतं, आणि तरी त्यांनी वहिनीला तासभर धरून ठेवलं, हे मी पाहिलं आहे.

होळीच्या आधी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. स्थळप्रत मी विसरलो होतो, सरपंच विसरले नव्हते. नावाच्या कोऱ्या जागेत त्यांनी 'नर्सबाई' एवढंच भरलं आणि धाडून दिलं. तेवढ्यावर भागलं.

मी परीक्षेच्या आधी गावी आलो होतो, म्हणून सोडायला जाता आलं. दादानं त्यांची पेटी खाचरात घातली. मायनं नव्या धानाचे तांदूळ बांधून दिले आणि दारातूनच परतली. कोंढ्याच्या थांब्यावर एस्तेरबाई पेटीवर बसल्या होत्या. शेजारी एक अनोळखी बाई लेकरू घेऊन उभी होती, तिला त्या टोपडं घट्ट बांधलं म्हणून रागावत होत्या. मी जवळ गेलो आणि सांगितलं की सरपंचांनी धाडली ती माझ्याच हातची प्रत होती, कार्बन लावून मीच काढली होती.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "साहेबानं दाखवला मले. अक्षर चांगलं हाय तुह्यं. पेपर कधी हायेत?"

मी तारीख सांगितली. तेवढ्यात एस.टी. आली. दादानं पेटी वर चढवली. त्यांना पलीकडच्या बाजूची जागा मिळाली, त्यामुळे इकडून फक्त त्यांची पाठ दिसत होती. एस.टी. निघाली तेव्हा त्या बाजूच्या बाईला सरकायला सांगत होत्या. मागं वळून त्यांनी पाहिलं नाही.

वहिनी जगली. पुतणी जगली, आणि पुढं दोन पुतणे झाले, तेही जगले. मी त्याच वर्षी बी.ए. झालो आणि नंतर जवाहरनगरच्या कारखान्यात कारकून लागलो. आमच्या घरात त्यानंतर एकही लेकरू दगावलं नाही.